आधी नवऱ्याचं रक्त तपासून घे

*डॉक्टर मॅडम,*

*मी मूळची चंद्रपूर जिल्ह्यातली, वय २७. दोन वर्षांपूर्वी लग्न होऊन सोलापुरात आले. नवरा अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात सुपरवायझर आहे. मला सिकलसेल हा रक्ताचा जन्मजात आजार आहे, एस-एस पॅटर्न. शाळेतल्या तपासणीत कळलं. रोज हायड्रॉक्सियुरियाची कॅप्सूल घेते. वर्षातून एक-दोनदा हातपाय आणि कंबर एवढी दुखते की सलाईन लावायला लागतं. आजवर तीनदा रक्त चढवलंय. नवऱ्याला लग्नाआधीच सगळं सांगितलं होतं. आत्यांना, म्हणजे सासूबाईंना, 'अंगात रक्त कमी आहे' एवढंच माहीत आहे. त्या आता रोज गोड बातमी विचारतात. यंदा हरतालिका निर्जळी कर, देवी ऐकते, म्हणतात. इथल्या एका डॉक्टरांनी सांगितलं, मूल होऊ देऊ नका, जिवावर बेतेल. दुसऱ्या मॅडम म्हणाल्या, काही होत नाही, कॅप्सूल बंद करा आणि चान्स घ्या. मूल होण्याआधी दोघांची तपासणी करून घेऊ असं मी घरात बोलले, तर आत्या म्हणाल्या, "त्याला कधी साधं पडसं होत नाही, त्याला कशाला सुई टोचायची ओ?" मी कॅप्सूल आजपासूनच बंद करू का? आत्यांना खरं सांगू का? आणि मला मूल होईल का?*

*— एक सून, सोलापूर*

तुझ्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर आधी देते, कारण त्याला थांबायला वेळ नाही. कॅप्सूल आज बंद करू नकोस. आणि ती चालू आहे तोवर दिवस जाऊ देऊ नकोस. या दोन्ही गोष्टी एकदमच पाळायच्या आहेत.

हायड्रॉक्सियुरिया गरोदरपणात घ्यायची नसते, दिवस राहण्याआधी साधारण तीन महिने ती थांबवायची असते, हे दुसऱ्या मॅडमचं म्हणणं बरोबर आहे. पण या कॅप्सूलमुळेच तुझ्या रक्तात बाळपणीचं हिमोग्लोबिन, म्हणजे एच-बी-एफ, वाढलेलं असतं आणि पेशी विळ्यासारख्या वाकण्याचं प्रमाण कमी राहतं. ती थांबली की काही आठवड्यांत हे संरक्षण ओसरायला लागतं. मग दुखणं वर्षातून एक-दोनदाच येईल याची खात्री नाही. म्हणून ती थांबवण्याआधी काही तपासण्या हातात हव्यात. त्यांतली एखादी बिघडलेली निघाली आणि 'आत्ता मूल नको' असं ठरलं, तर तीन महिने विनाकारण औषधाविना काढल्यासारखे होतील. तू मधली पायरी गाळून थेट शेवटच्या पायरीवर पाय टाकते आहेस.

औषध चालू असताना चुकून दिवस गेलेच, तर घाबरून गर्भपाताच्या गोळ्या आणायला धावू नकोस. प्राण्यांवरच्या प्रयोगांत या औषधाने गर्भाला इजा झालेली दिसते, म्हणून आपण ते टाळतो. पण औषध चालू असताना अनवधानाने दिवस राहिलेल्या अनेक बायकांची बाळं निरोगी जन्मली आहेत. अशा वेळी औषध थांबवायचं आणि त्याच आठवड्यात डॉक्टर गाठायचे.

आता नवऱ्याचं रक्त. या पत्रातलं माझ्या दृष्टीने सगळ्यात महत्त्वाचं वाक्य तुझं नाही, तुझ्या आत्यांचं आहे. त्यांचं चुकत नाही, त्यांना कुणी सांगितलेलंच नाही. ज्याला सिकलसेलचा वाहक म्हणतात, ए-एस, म्हणजे एक जनुक साधं आणि एक एस, तो माणूस ठणठणीत असतो. पोती उचलतो, कारखान्यात बारा तास उभा राहतो, त्याला पडसंसुद्धा होत नाही. थॅलेसेमिया मायनरचं, म्हणजे थॅलेसेमिया या रक्ताच्या दुसऱ्या आनुवंशिक आजाराच्या वाहकाचंही तेच. हिमोग्लोबिन जरासं कमी असतं, ते कुणी मोजत नाही आणि आयुष्य सरळ जातं. तब्येतीवरून वाहक ओळखता आला असता तर तपासणीची गरजच पडली नसती.

तुझ्याकडून बाळाला काय जाणार हे ठरलेलं आहे. तुझी दोन्ही जनुकं एस, म्हणून प्रत्येक बाळाला तुझ्याकडून एक एस मिळणारच. बाळाला आजार होणार की नाही, हे नवऱ्याकडून काय येतं त्यावर अवलंबून आहे. त्याचा रिपोर्ट साधा आला, ए-ए, तर तुमची सगळी मुलं वाहक असतील, रुग्ण एकही नसेल. तो ए-एस निघाला तर प्रत्येक गरोदरपणात निम्मी शक्यता बाळ तुझ्यासारखं एस-एस असण्याची, निम्मी वाहक असण्याची. प्रत्येक वेळी नव्याने निम्मी. 'पहिलं आजारी झालं, आता दुसरं चांगलं होणार' हा हिशेब इथे चालत नाही. आणि तो थॅलेसेमिया मायनर निघाला तर निम्मी शक्यता एस-बीटा थॅलेसेमियाची. तोही सिकलसेलचाच प्रकार आहे आणि कधीकधी एस-एसइतकाच त्रासाचा असतो.

इथे एक फसगत होते, ती आधीच सांगून ठेवते. तुमच्या भागात शिबिरात जी झटपट तपासणी करतात, नळीत रक्ताचा थेंब टाकून गढूळपणा बघायचा, ती सोल्युबिलिटी टेस्ट. तिला फक्त एस दिसतो. थॅलेसेमिया मायनर तिला दिसतच नाही. नवऱ्याने ती करून घेतली आणि 'निगेटिव्ह' आली, तर तुम्ही पेढे वाटाल आणि अर्धा प्रश्न तसाच राहील. त्याला एचपीएलसी करायला सांग, म्हणजे हिमोग्लोबिनचे प्रकार वेगळे करून मोजणारी तपासणी, सोबत सीबीसी, रक्तपेशींची मोजणी. एचपीएलसीत एच-बी-ए-टू नावाचा एक आकडा येतो. तो साधारण साडेतीन टक्क्यांच्या वर गेला की थॅलेसेमिया मायनरचा संशय येतो. लोह फार कमी असेल तर हा आकडा खोटाच खाली दिसू शकतो, म्हणून सीबीसी सोबत हवी. हातावरच्या शिरेतून एकदा रक्त काढायचं, उपाशी राहायचं नाही, सुट्टी टाकायची नाही. सोलापुरात या तपासणीसाठी नमुना घेणाऱ्या खासगी लॅब आहेत. सिव्हिलमध्ये आधी मेडिसिन किंवा स्त्रीरोग विभागात चौकशी कर.

आणि ही तपासणी नवऱ्याने करायची आहे. त्याला घरात कुणाची परवानगी लागते, असं तुझ्या पत्रावरून वाटलं. लागू नये. लग्नाआधी सगळं ऐकून घेऊन 'हो' म्हणणारा माणूस आहे तो. कारखान्यातून परत येताना लॅबमध्ये पाच मिनिटं थांबणं त्याला जमेल.

रिपोर्ट साधा आला तर पुढचे दोन परिच्छेद सोडून दे.

तो वाहक निघाला, तर तुमच्यासमोर काही रस्ते आहेत. गरोदरपणाच्या अकराव्या ते चौदाव्या आठवड्यात वारेचा बारीकसा तुकडा घेऊन बाळाचं जनुक तपासता येतं, किंवा पंधराव्या आठवड्यानंतर गर्भजल काढून. हे कायद्याने मान्य आहे. गर्भलिंग निवडीविरुद्धच्या कायद्यातच हिमोग्लोबिनच्या आजारांसाठी गर्भाची तपासणी करायला परवानगी दिलेली आहे. लिंग मात्र सांगणार नाहीत, विचारूही नकोस. मुंबईत परळला केईएम रुग्णालयाच्या आवारात आयसीएमआरची, म्हणजे केंद्र सरकारच्या वैद्यकीय संशोधन परिषदेची, राष्ट्रीय प्रतिरक्षा-रक्तविज्ञान संस्था आहे, तिथे हे काम वर्षानुवर्षं चाललं आहे. पण तिथे जायचं ते दिवस राहण्याआधी एकदा, नवरा-बायको दोघांचे रिपोर्ट घेऊन. दहाव्या आठवड्यात पहिल्यांदा चौकशी सुरू केली तर तारखा आणि रेल्वेची तिकिटं जुळवण्यातच दिवस निघून जातात. आयव्हीएफ करून आधीच तपासलेला गर्भ ठेवण्याचाही रस्ता आहे. तो महागडा आहे, आणि त्यातल्या इंजेक्शनांनी तुझ्यासारख्या रुग्णाला रक्ताच्या गाठी होण्याचा धोका वाढतो. मी तो पहिला रस्ता म्हणून सुचवणार नाही.

आता जे तू लिहिलेलं नाहीस पण जे तुझ्या मनात येईल, त्याबद्दल. तपासणीत बाळ एस-एस निघालं तर? ज्या बाईला स्वतःला हा आजार आहे, तिला हा प्रश्न विचारणं म्हणजे 'तुझ्यासारखं माणूस जन्माला यावं का' असं विचारणं होतं. माझ्यासमोर बसून बायका यावर रडल्या आहेत, आणि काही जणी चिडल्याही आहेत, ते मला पटतं. तपासणी करून घेतली म्हणजे गर्भपात करायलाच हवा असं नाही. काही जोडपी फक्त तयारी करता यावी म्हणून तपासतात. काही तपासतच नाहीत. आणि तू लहान असताना जे तुझ्या वाट्याला आलं, तेच या बाळाच्या वाट्याला येईल असंही नाही. जन्मतःच तपासणी झाली, दुसऱ्या महिन्यापासून पाच वर्षांपर्यंत पेनिसिलिन मिळालं, न्यूमोकोकसची लस मिळाली, वेळेवर हायड्रॉक्सियुरिया सुरू झालं, तर आजार तोच असला तरी बालपण वेगळं जातं. तुला स्वतःला शाळेत जाईपर्यंत पत्ता नव्हता, हे विसरू नकोस. दोघांनी हे बोलणं रिपोर्ट येण्याआधी करावं, नंतर नव्हे. आणि त्या खोलीत तिसरं कुणी नको, आत्या नकोत आणि तुझी आईही नको.

आता तुझं स्वतःचं शरीर. दोन डॉक्टरांनी दोन टोकं सांगितली आणि तू मध्ये अडकलीस. माझं मत विचारशील तर दोघांनीही तुला तपासल्याशिवाय सांगितलं. सिकलसेल असलेल्या बायका आई होतात, दरवर्षी होतात, आणि बहुतेकींची बाळं सुखरूप घरी जातात. पण हे साधं गरोदरपण नसतं. दुखण्याचे झटके वाढतात, छातीत पाणी किंवा संसर्गासारखं होऊन श्वास कोंडण्याचा प्रकार होऊ शकतो, रक्तदाब चढतो, पायात किंवा फुप्फुसात रक्ताची गाठ होऊ शकते, लघवीचा संसर्ग वारंवार होतो, बाळ कमी वजनाचं किंवा लवकर जन्मू शकतं. 'काही होत नाही' म्हणणाऱ्या मॅडमनी हे सांगायला हवं होतं. आणि 'होऊ देऊ नका' म्हणणाऱ्या डॉक्टरांनी आधी टूडी इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, मागायला हवा होता.

का, ते सांगते. या आजारात काही जणांना फुप्फुसाच्या रक्तवाहिन्यांतला दाब वाढतो. बाहेरून फारसं कळत नाही, जिना चढताना धाप लागते एवढंच. तो दाब खरोखर वाढलेला असेल तर गरोदरपण जिवावर बेतू शकतं, आणि मग मीसुद्धा नको म्हणेन. तो नसेल, मूत्रपिंड ठीक असतील, तर पहिल्या डॉक्टरांचं वाक्य तुला लागू होत नाही. म्हणून टूडी इको, रक्तदाब, लघवीतली प्रथिनं, मूत्रपिंड आणि यकृताच्या तपासण्या, आणि डोळ्यांच्या पडद्याची तपासणी. ही शेवटची सगळे विसरतात. सिकलसेलमध्ये पडद्यावरच्या बारीक रक्तवाहिन्या बंद होऊन नव्या, नाजूक वाहिन्या फुटतात. त्यांच्यावर आधी इलाज केलेला बरा.

तुला तीनदा रक्त चढलंय, म्हणून आणखी दोन तपासण्या. एक म्हणजे फेरिटिन, शरीरातल्या लोहाचा साठा. रक्ताच्या एका पिशवीतून साधारण २०० ते २५० मिलिग्रॅम लोह अंगात येतं आणि ते बाहेर टाकायची सोय आपल्या शरीराकडे नाही. दुसरी, अँटिबॉडी स्क्रीन. दुसऱ्याचं रक्त मिळाल्यावर काही जणांच्या शरीरात त्याच्याविरुद्ध अँटिबॉडी तयार होतात. त्यांच्यामुळे पुढच्या वेळी जुळणारं रक्त शोधायला वेळ लागतो, आणि त्यांतल्या काही वारेतून बाळापर्यंत जाऊन त्याचंही रक्त फोडू शकतात. हे बाळंतपणाच्या रात्री कळण्यापेक्षा आज कळावं. चंद्रपूरकडचे रक्त चढवल्याचे जुने कागद असतील तर आईला सांगून मागवून घे.

लसींचं मी लांबण लावत नाही. जंतूंशी लढणाऱ्या तुझ्या प्लीहेचं काम बहुधा लहानपणीच मंदावलेलं आहे, म्हणून न्यूमोकोकस, मेनिंगोकोकस, हिब, हिपॅटायटिस बी आणि फ्लूच्या लसींबद्दल डॉक्टरांना विचार. गोवर-रुबेलाची झाली नसेल तर ती दिवस जाण्याआधीच, कारण गरोदरपणात ती देत नाहीत.

यानंतर कॅप्सूल. तपासण्या ठीक आल्या की हायड्रॉक्सियुरिया देणाऱ्या डॉक्टरांशी बोलून ती थांबवायची. मधले तीन महिने कंडोम वापरा. सरकारी दवाखान्यातलं 'अंतरा' इंजेक्शन सिकलसेलमध्ये एरवी चांगलं चालतं, पण ते सोडल्यावर दिवस राहायला शेवटच्या इंजेक्शनपासून सात ते दहा महिने लागू शकतात. तुझ्या बेतात ते बसत नाही. 'माला-एन'सारख्या गोळ्यांत इस्ट्रोजेन असतं, ते गाठींचा धोका वाढवतं. त्या नकोच.

फॉलिक अॅसिड मात्र आजच सुरू कर, रोज ५ मिलिग्रॅम. तुझ्या लाल पेशी १२० दिवस जगत नाहीत, दहा-वीस दिवसांत मोडतात. नव्या पेशी घडवायला शरीर सतत फॉलिक अॅसिड खर्च करत असतं. आरोग्य केंद्रातल्या लोहाच्या गोळीत ते ५०० मायक्रोग्रॅम असतं, म्हणजे तुला हवं त्याचा दहावा भाग. त्या लोहाच्या गोळ्यांबद्दल तर नीट ऐक. दिवस राहिले की आशाताई प्रेमाने पाकीट हातात देतील, १८० गोळ्या. तुझं हिमोग्लोबिन आठ बघून कुणीतरी डबल डोस सांगेल, घरात बीट, खारीक, गूळ-शेंगदाणे सुरू होतील. खाण्याचं खुशाल खा, शेंगाचटणी तर सोलापुरात राहून चुकायचीच नाही. पण लोहाची गोळी फेरिटिन कमी असेल तरच. तुझ्यात रक्त कमी आहे ते लोह कमी म्हणून नाही, पेशी लवकर मोडतात म्हणून. आणि कुणी 'रक्त बारापर्यंत नेऊ' म्हणून पिशव्यांवर पिशव्या लावायला निघालं तर थांबव. सिकलसेलमध्ये हिमोग्लोबिन दहाच्या फार वर नेलं की रक्त घट्ट होतं आणि दुखणंच वाढतं. कधी चढवायचं हे रक्तविकारतज्ज्ञ ठरवतील. रक्त लागलंच, तर सिकलसेलच्या रुग्णाला रक्तपेढीने प्रक्रिया-शुल्क न घेता द्यायचं असतं. सिकलसेलचं कार्ड जवळ ठेव.

आता वेळेचा एक विचार. हा कुठल्या मार्गदर्शिकेत लिहिलेला नाही, माझा आहे. आत्ता श्रावण चालू आहे. महिनाभरात तपासण्या झाल्या, सप्टेंबरात कॅप्सूल थांबली, तर डिसेंबर-जानेवारीपासून प्रयत्न करता येतील. त्यात दिवस राहिले तर सोलापूरचा एप्रिल-मे चौथ्या-पाचव्या महिन्यात पडतो आणि शेवटचे तीन महिने पावसाळ्यात. उलट पावसाळ्यात दिवस राहिले तर पाऱ्याने बेचाळिशी ओलांडलेली असताना नववा महिना, वर पत्र्याचं छप्पर. पाणी कमी पडलं की तुझं रक्त घट्ट होतं आणि पेशी वाकतात. म्हणून उन्हाळ्याला मी एवढं घाबरते. इतकं मोजून-मापून मूल होत नसतं हे मलाही कळतं. पण कॅप्सूल कधी थांबवायची हे तरी आपल्या हातात आहे.

आणि याच कारणासाठी हरतालिका निर्जळी करायची नाही. यंदा नाही, आणि एकदा दिवस राहिले की कोणताच निर्जळी उपवास नाही, वटसावित्रीचाही नाही. निर्जळी उपवास म्हणजे तुझ्यासाठी दुखण्याला घरी बोलावणं आहे. तुला पूजा करायची हौस असेल तर वाळू आण, पिंडी कर, पत्री वाहा, रात्री जागरणाच्या खेळात थोडा वेळ बस. फक्त पाण्याचा तांब्या शेजारी असू दे. दिवसाला तीन लिटर पाणी, उन्हाळ्यात त्याहून जास्त. नळाला पाणी येतं त्या दिवशी घागरी उचलायला तू पुढे व्हायचं नाही, आणि थंडीत पहाटे गार पाण्याने अंघोळही नको. संक्रांतीला गड्ड्याच्या यात्रेत रात्री उशिरापर्यंत फिरायचं झालं तर स्वेटर आणि मोजे घालून. थंडीनेही रक्तवाहिन्या आकसतात.

हे सगळं आत्यांना खरं न सांगता कसं जमवणार? मला वाटतं, जमणार नाही. तुझ्या घरातला नियम बघ: 'रक्त कमी आहे' असं सांगितलं की उपाय ठरतो बीट, गूळ आणि लोहाची गोळी. म्हणजे अर्धं खरं सांगितलंस त्याची किंमत तुझं शरीर मोजतं. पण सगळं एका बैठकीत, रडत, रात्री जेवताना सांगू नकोस. आणि एकटीने तर नाहीच. पहिलं वाक्य नवऱ्याने बोलायचं. "आई, हिला जन्मापासून सिकलसेल आहे, मला लग्नाआधीपासून माहीत आहे." एवढं त्याच्या तोंडून आलं की 'माझ्या मुलाला फसवलं' हा सूरच लागत नाही. मग तू बोल, आजाराबद्दल कमी आणि त्यांनी काय करायचं याबद्दल जास्त. "आत्या, मला दर तासाला पाणी प्यायला आठवण करा." "आत्या, मला ताप आला तर घरगुती काही करत बसू नका, रिक्षा बोलवा." ज्या बाईला नातवंडाची एवढी आस आहे, तिच्या हाती काम दिलंस तर ती तुझ्या बाजूने उभी राहील, असा माझा अनुभव आहे. पहिले आठ दिवस घरात बोलणं कमी होईल. दुसऱ्या कुणाकडून कळण्यापेक्षा ते परवडलं. सिकलसेल लागट नाही, कुणाच्या पापाने होत नाही, आईकडून एक आणि बापाकडून एक असं दोन्हीकडून येतं, हे शेजारपाजारच्यांनी विचारलं तर त्याच सांगतील.

दिवस राहिल्यावर काय, ते थोडक्यात. नाव एकाच ठिकाणी नोंदव, आणि ते ठिकाण असं हवं जिथे स्त्रीरोगतज्ज्ञ, फिजिशियन, नवजात बाळाचा अतिदक्षता विभाग आणि रक्तपेढी एकाच आवारात आहेत. सोलापुरात सिव्हिलला, म्हणजे छत्रपती शिवाजी महाराज सर्वोपचार रुग्णालयाला, डॉ. वैशंपायन वैद्यकीय महाविद्यालय जोडलेलं आहे. मी तिथून सुरुवात करेन. गल्लीतलं छोटं प्रसूतिगृह जवळचं आणि मायेचं असलं तरी या वेळी नको. बाराव्या आठवड्यापासून रक्तदाबासाठी कमी मात्रेची अॅस्पिरिन द्यायची का, हे डॉक्टरांना विचार, बहुधा देतील. चोविसाव्या आठवड्यानंतर दर चार आठवड्यांनी बाळाच्या वाढीची सोनोग्राफी. दुखायला लागलं तर पाणी, पांघरूण, कोमट शेक आणि पॅरासिटामॉल. बर्फ नको, आणि मेडिकलवाल्याकडून वेदनाशामक गोळ्या आणायच्या नाहीत. तासाभरात उतार पडला नाही तर दवाखाना.

ताप १००.४ च्या वर, छातीत दुखणं, धाप, एका पायाला सूज, डोकं दुखून नजर धूसर होणं, एका बाजूचा हात-पाय जड पडणं, अंगावरून रक्त जाणं, बाळाची हालचाल कमी होणं. यातलं काहीही झालं तर सकाळची वाट बघायची नाही. हे नवऱ्याच्या आणि आत्यांच्या मोबाइलमध्ये लिहून ठेव.

सिकलसेल आहे म्हणून सिझेरियनच करायला हवं, असं काही नाही. बाकी सगळं ठीक असेल तर अडतिसाव्या आठवड्यानंतर कळा सुरू करून नेहमीसारखी प्रसूती होऊ शकते. बाळंतपणानंतर गाठी होऊ नयेत म्हणून पोटात इंजेक्शनं देतात, नेहमीच्या प्रसूतीनंतर आठवडाभर, सिझेरियन झालं तर सहा आठवडे. ती घरी आल्यावर चुकवू नकोस. बाळंतिणीला उठू न देण्याची जी आपल्याकडे पद्धत आहे, ती तुझ्या बाबतीत मोडायची. दुसऱ्या दिवसापासून चालायचं.

पहिलं बाळंतपण माहेरी, हा विषय सातव्या महिन्यात निघेलच. तुझ्या आईला हौस असेल आणि आत्यांनाही तीच रीत वाटेल. चंद्रपूरच्या डॉक्टरांना सिकलसेल अंगवळणी पडलेला आहे, आयसीएमआरचं हिमोग्लोबिनच्या आजारांवरचं केंद्रही तिथे आहे. म्हणून माहेरी जाणं वेडेपणाचं नाही. वेडेपणा आहे तो सातव्या महिन्यात गाड्या बदलत एवढा प्रवास करण्यात, आणि तिकडच्या डॉक्टरांनी तुला पहिल्यांदा आठव्या महिन्यात बघण्यात. जायचं असेल तर चौथ्या-पाचव्या महिन्यात जा, तिथेच नाव नोंदव आणि बाळाला घेऊनच परत ये. नाहीतर आईलाच सोलापुरात बोलावून घे. दोन महिने विहीणबाई एका घरात राहणं अवघड असतं, पण रात्रभराच्या गाडीपेक्षा कमी धोक्याचं.

नवऱ्याचा एचपीएलसीचा रिपोर्ट आला की त्याचा फोटो पाठव, पानाचा खालचा भाग कापू नकोस, टक्केवारी तिथेच असते. साधा आला तर टूडी इकोची तारीख घे. ए-एस किंवा थॅलेसेमिया मायनर आला, तर कॅप्सूल थांबवण्याआधी दोघं मिळून एकदा परळला जाऊन या.